राग येणं आणि रागावणं : रेव्हन नावाच्या मुलीची गोष्ट

भावनांवरच्या या व्याख्यानांत आज आपण रागापाशी आलो आहोत. रागाचं उदाहरण म्हटलं की आपल्याला दुर्वास आठवतात, ग्रीकांचा अकिलीज आठवतो. आज आपण त्या दोघांनाही बाजूला ठेवणार आहोत आणि एका अमेरिकन कॉमिक्समधल्या मुलीकडे बघणार आहोत. गडद निळा झगा, डोक्यावरून पुढे ओढलेलं टोपरं, कपाळावर एक लाल खडा, आवाजात चढउतार नाही. नाव रेव्हन. रेव्हन म्हणजे डोमकावळा.

आपल्यापैकी जे पंचविशी-तिशीत आहेत त्यांनी तिला लहानपणी ‘टीन टायटन्स’ या कार्टून मालिकेत पाहिलं असेल. जे आमच्या वयाचे आहेत त्यांनी फार तर नातवंडांच्या मागे उभं राहून पाहिलं असेल. ज्यांनी पाहिलेलंच नाही त्यांनीही काळजी करू नये, गोष्ट आपण सुरुवातीपासून सांगणार आहोत.

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात कॉमिक्स कशाला, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. तो रास्त आहे. पण बघा, प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये दुसऱ्या भागात गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो अदृश्य होतो. प्लेटोला जादूत रस नव्हता. पकडलं जाण्याची भीती नसेल तर माणूस न्यायानं वागेल का, हा प्रश्न त्याला विचारायचा होता आणि तो विचारायला जादूची अंगठी सोयीची होती. रेव्हनची जादू आपल्याला तशीच सोयीची आहे. आपल्याला राग येतो तेव्हा बाहेर काही दिसत नाही. फार तर कान लाल होतात. तिला राग येतो तेव्हा दिवे फुटतात, भिंतींना तडे जातात. म्हणजे आपल्या आत जे चालतं ते तिच्या बाबतीत खोलीत चालतं. आत काय चालतं हे तपासायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

गोष्ट

रेव्हन जन्माला आली १९८० साली. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ या जोडीनं डीसी कॉमिक्ससाठी ‘द न्यू टीन टायटन्स’ हे मासिक नव्यानं उभं केलं. त्यात रॉबिन, वंडर गर्ल आणि किड फ्लॅश ही जुनी मंडळी होती, बीस्ट बॉय ‘चेंजलिंग’ या नव्या नावानं आला होता, आणि तीन जण अगदी नवे होते : सायबॉर्ग, स्टारफायर आणि रेव्हन. मासिक चांगलंच गाजलं. त्याचं एक कारण असं सांगता येईल की या मुलांचे खलनायक जितके बाहेर होते तितकेच घरात होते. सायबॉर्गचं वडिलांशी भांडण, स्टारफायरचा बहिणीशी दावा. आणि रेव्हनच्या घरात तर प्रत्यक्ष राक्षस.

तिची आई अँजेला रॉथ ही पृथ्वीवरची, घरातून पळालेली मुलगी. ती एका सैतानपूजक पंथाच्या नादी लागते. तिथे ट्रायगॉन नावाचा दुसऱ्या मितीतला राक्षस देखण्या पुरुषाच्या रूपात येऊन तिला फसवतो. त्याचं खरं रूप कळतं तेव्हा ती जिवाला कंटाळते. अशा अवस्थेत तिला अझारथ नावाच्या जगात आसरा मिळतो. अझारथ म्हणजे हिंसेचा त्याग केलेल्या साधकांची वस्ती. तिथे अँजेलाची ‘अरेला’ होते आणि तिथेच रेव्हन जन्मते. मुलीच्या अंगात बापाचा अंश आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून अझार नावाची वयोवृद्ध गुरू तिला वाढवते आणि एकच धडा पुन्हा पुन्हा देते : भावनांना जागा देऊ नकोस. राग, भीती, प्रेम यांतलं काहीही फार झालं तर तुझा बाप त्या वाटेनं आत येईल.

रेव्हनकडे शक्ती कोणत्या? पहिली, दुसऱ्याच्या भावना तिला थेट जाणवतात. दुसरी, दुसऱ्याचं दुखणं ती स्वतःच्या अंगावर घेऊन त्याला बरं करू शकते, पण ते दुखणं मग तिला भोगावं लागतं. तिसरी, तिचा आत्मा काळ्या डोमकावळ्याच्या आकारात देहाबाहेर पडू शकतो. मूळ कॉमिक्समध्ये त्याला पाच मिनिटांची मर्यादा आहे. त्यापलीकडे तो बाहेर राहिला तर तिला असह्य यातना होतात.

म्हणजे गंमत बघा. जगातल्या सगळ्यांच्या भावना जिला जाणवतात, तिला स्वतःची एकही भावना जाणवून घ्यायची परवानगी नाही. वुल्फमननं ही जी गाठ मारून ठेवली आहे, ती सोडवणं हेच आपलं आजचं काम.

अझारथचा तोडगा

अझारथच्या लोकांना आपण लगेच दोष देऊ नये. ते दुष्ट नाहीत. एका निराधार बाईला त्यांनी आसरा दिला, एका धोकादायक मुलीला मारून टाकण्याऐवजी वाढवलं. त्यांचा हेतू चांगला होता. पण चांगल्या हेतूनं दिलेला सल्लाही चुकू शकतो. आणि हा सल्ला आपल्या ओळखीचा आहे. ‘रागावू नकोस’, ‘रडायचं नाही’, ‘मुलीच्या जातीला असं शोभत नाही’, ‘मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलायचं नाही’. आपण सगळे कमीअधिक प्रमाणात अझारथचे नागरिक आहोत.

या सल्ल्याचं काय होतं ते कार्टून मालिकेतल्या एका भागात फार नेमकं दाखवलं आहे. ही मालिका २००३ ते २००६ या काळात निघाली. दुसऱ्या वर्षीच्या एका भागात ही पाच मुलं रात्री एक भुताचा सिनेमा बघतात. सगळे घाबरतात आणि तसं कबूलही करतात. रेव्हन म्हणते, मी घाबरत नाही. मग दिवे जातात, त्यांच्या राहत्या मनोऱ्यात भुतं फिरू लागतात आणि एकेक मुलगा गायब होऊ लागतो. ती भुतं बाहेरून आलेली नसतात. रेव्हननं नाकारलेली भीतीच तिच्या शक्तीच्या वाटेनं बाहेर पडलेली असते. हे संपतं कसं? ती मोठी लढाई करते म्हणून नाही. ती एकदाचं म्हणते, हो, मला भीती वाटते. तेवढ्यानं तिचा स्वतःवर ताबा येतो आणि मग भुतांचा निकाल लागतो.

मुलांच्या मालिकेतला हा विचार प्रयोगशाळेतही टिकतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि विचार आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नंतर त्यांना विचार करायची मोकळीक दिली तेव्हा, ज्यांना आधी मनाई होती त्यांच्या मनात अस्वल जास्त आलं; पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांच्या मनात कमी. दाबलेला विचार जणू व्याजासकट परत येतो.

१९९८ साली जेम्स ग्रॉस यानं भावनेविषयी असाच प्रयोग केला. लोकांना शस्त्रक्रियेची एक किळसवाणी चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, तटस्थपणे, अभ्यासाचा विषय म्हणून बघा. चेहरा दगडासारखा ठेवणाऱ्यांची किळस कमी झाली नाही, उलट त्यांच्या शरीरावरचा ताण वाढला. ज्यांनी दृष्टी बदलून पाहिलं त्यांना किळसच कमी वाटली आणि शरीरावर तसा ताणही आला नाही. म्हणजे चेहरा शांत आणि मन शांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेव्हनचा चेहरा नेहमी शांत असतो.

आता कुणी म्हणेल, पण आपल्या परंपरेत तर संयम सांगितलाच आहे की! सांगितला आहे, पण नीट वाचा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की जो हातपाय आवरून बसतो आणि मनानं विषयांचंच चिंतन करतो, त्याचा आचार खोटा. त्याच अध्यायात पुढे असंही येतं की प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे जातात, तिथे नुसता निग्रह काय करणार? हा प्रश्न अझारथच्या साधकांना कुणी विचारला नाही.

स्टोइकांची गैरसमजूत

अझारथची शिकवण ऐकली की तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला स्टोइक पंथ आठवतो. ग्रीस आणि रोममध्ये होऊन गेलेले हे तत्त्वज्ञ भावनांच्या विरोधात होते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

सेनेका या रोमन स्टोइकानं रागावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. रागाचा त्याच्याइतका कडवा शत्रू शोधून सापडणार नाही. पण दुसऱ्या खंडात तो एक महत्त्वाचा भेद करतो. कुणी अपमान केला की अंगात एक लहर उठते. रक्त तापतं, श्वास बदलतो. ही पहिली हालचाल. ती आपल्या हातात नाही, शहाण्या माणसालाही ती चुकत नाही आणि तिला अजून राग म्हणायचं नाही. मग मनात एक विधान तयार होतं : ‘माझ्यावर अन्याय झाला आहे आणि मी त्याचा बदला घ्यायला हवा.’ या विधानाला मन होकार देतं ती दुसरी हालचाल. आणि होकार देऊन झाल्यावर सगळं हाताबाहेर जातं ती तिसरी. सेनेकाचं म्हणणं असं की पहिल्या हालचालीशी भांडू नका, ते फुकट आहे. काम करायचं ते दुसऱ्या ठिकाणी, होकाराच्या उंबरठ्यावर.

हा भेद परका वाटत असेल तर आपल्या मराठीकडे बघा. आपण दोन वाक्यं वापरतो. ‘मला राग आला.’ आणि ‘मी रागावलो.’ पहिल्या वाक्यात राग कर्ता आहे. तो येतो, जसा पाऊस येतो, जशी शिंक येते. ‘मी’ नुसता तिथे असतो, तोही ‘मला’ होऊन. दुसऱ्या वाक्यात कर्ता मी. येणारा आला, मी दार उघडलं आणि त्याला बसायला पाट दिला. सेनेकाला जे समजावून सांगायला पानं लागली ते आपल्या व्याकरणात रोजच्या वापरात आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष नसतं.

आता हीच दोन वाक्यं घेऊन रेव्हनकडे जाऊ. अझार तिला काय शिकवते? ‘तू रागावू नकोस’ एवढंच शिकवलं असतं तर ते सेनेकाचं शिक्षण झालं असतं. ती शिकवते, ‘तुला राग येताच कामा नये.’ जे मुलीच्या हातात नाही त्याचीच जबाबदारी तिच्यावर टाकते. परिणाम काय? राग तर येतोच. मग तो आला म्हणून मुलगी घाबरते, लाजते, आणि आपण मुळातच वाईट आहोत असं ठरवून टाकते. पहिल्या हालचालीलाच ती गुन्हा समजू लागते. आपला राग हाच आपला राक्षस बाप आहे असं ज्या मुलीला वाटतं, ती त्याच्याकडे बघणार कशी? आणि न बघता त्याला ओळखणार कशी?

नुसतं गिळल्यानं काय होतं

कॉमिक्समध्ये याचे परिणाम वुल्फमन आणि पेरेझ यांनी बारकाईनं दाखवले आहेत. दोन सांगतो.

पहिला असा. बापाशी लढायला रेव्हनला मदत हवी असते. ती आधी मोठ्यांकडे, म्हणजे जस्टिस लीगकडे जाते. तिथल्या झटाना या जादूगारणीला तिच्यात काहीतरी अशुभ जाणवतं आणि ते तिला परत पाठवतात. मग ती या मुलांना गोळा करते. त्यांतला किड फ्लॅश यायला तयार नसतो. तेव्हा ती आपल्या शक्तीनं त्याच्या मनात स्वतःविषयी प्रेम निर्माण करते. पुढे हे उघडकीला येतं आणि सगळ्यांचा विश्वास डळमळतो. ही मुलगी स्वभावानं लबाड नाही. पण जिला स्वतःच्या भावना म्हणजे नुसती हाताळायची वस्तू असं शिकवलं, ती दुसऱ्याच्या भावनाही तशाच हाताळते.

दुसरा परिणाम १९८४-८५ मधल्या कथेत दिसतो. ट्रायगॉन पृथ्वीवर येतो, अझारथ नष्ट होतं, आणि रेव्हन पूर्णपणे बापाच्या रूपात जाते : लाल कातडी, चार डोळे. इतकी वर्षं जपलेली शिस्त तिला वाचवत नाही. शेवटी ट्रायगॉनचा नाश होतो, पण रेव्हनही त्यात नाहीशी होते. काही वर्षांनी ती परत येते तेव्हा बापाची सावली नसते. आता भावना मोकळेपणानं अनुभवायला हरकत नाही. पण तिला त्या ओळखताच येत नाहीत! एका साथीदाराविषयी वाटणारी ओढ म्हणजे मैत्री, कृतज्ञता की प्रेम, याचा तिचा गोंधळ होतो. हा तपशील आम्हाला राक्षसाच्या लढाईपेक्षा मोलाचा वाटतो. दाबून ठेवलेल्या भावना नंतर कधीतरी आयत्या, शहाण्या होऊन बाहेर येत नाहीत. ज्या वयात त्यांची भाषा शिकायची ते वय निघून गेलेलं असतं, आणि ती नंतर प्रौढपणी, अडखळत शिकावी लागते.

मग काय, ओकून टाकायचं?

इथे एक धोक्याची सूचना. दाबणं वाईट म्हटलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘मनात ठेवू नका, बाहेर काढून टाका, उशीला मारा, ओरडा.’ आपण ‘राग काढणं’ म्हणतो ते हेच. बहुतेक वेळा तो आपल्यापेक्षा दुबळ्या माणसावर निघतो हा भाग वेगळा.

२००२ साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं हे तपासलं. ज्यांना मुद्दाम चिडवलं होतं अशा विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर गुद्दे मारायला सांगितले. काहींना नुसतं दोन मिनिटं स्वस्थ बसवलं. गुद्दे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, तेच सर्वांत जास्त चिडलेले राहिले. स्वस्थ बसलेले त्यांच्यापेक्षा निवळले. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी दिली की संपली, ही आपली उपमाच चुकीची आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात रागाची जी साखळी दिली आहे ती जास्त खरी : विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, स्मृतीचा गोंधळ आणि बुद्धीचा नाश. तिची सुरुवात चिंतनापासून होते. चिंतन करत गुद्दे मारले तर साखळी तुटेल कशी?

तर मराठीत रागाबरोबर येणारी क्रियापदं मांडून बघू. राग गिळणं, राग काढणं, राग आवरणं. पहिलं अझारथचं. दुसरं ट्रायगॉनचं. तिसरं, आवरणं, हा शब्द आपण दाबण्याच्या अर्थानं वापरतो, पण त्यात दुसरंही काही आहे. आपण घर आवरतो तेव्हा घरातल्या वस्तू नाहीशा करत नाही. काय आहे ते बघतो, उचलतो, ज्याच्या त्याच्या जागी ठेवतो. न बघता आवरता येत नाही.

कार्टून मालिकेच्या पहिल्याच वर्षी या आवरण्याचं एक चित्र येतं. रेव्हनचे दोन साथीदार चुकून तिच्या आरशातून थेट तिच्या मनात शिरतात. तिथे त्यांना अनेक रेव्हन भेटतात. गुलाबी झग्यातली हसरी, हिरव्यातली धीट, करड्यातली बुजरी. आणि शेवटी लाल झग्यातला राग, बापाचं अक्राळविक्राळ रूप घेऊन. एकटी रेव्हन त्याच्यापुढे टिकत नाही. मग ती आपल्या बाकीच्या सगळ्या रूपांना बोलावते, त्यांना स्वतःत सामावून घेते, आणि तिचा झगा पांढरा होतो. पांढरा रंग म्हणजे रंगांचा अभाव नव्हे, सगळे रंग एकत्र आले की पांढरा दिसतो, हे आपण शाळेत न्यूटनच्या तबकडीवर पाहिलेलं आहे. तेव्हा कुठे लाल रेव्हन आटोक्यात येते, आणि तीही तिच्यातच परत जाते. बाहेर हाकलली जात नाही.

अ‍ॅरिस्टॉटलला हे चित्र पटलं असतं. त्याच्या मते सौम्य माणूस तो, जो योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच रागावतो. आणि जिथे रागावायला हवं तिथेही जो रागावत नाही, त्याला त्यानं चांगला म्हटलेलं नाही, मूर्खांत गणलं आहे. कारण राग ही एक खबर असते. कुठेतरी काहीतरी चुकीचं घडतं आहे, अशी खबर. खबर खोटी असू शकते, वाढवून सांगितलेली असू शकते. पण निरोप्याला दारातच मारून टाकलं तर खरी खबरही कधी पोचणार नाही. सेनेका आणि अ‍ॅरिस्टॉटल यांचं इथे एकमत नाही. सेनेका म्हणेल, अन्याय निवारायला रागाची गरजच नाही. तो वाद मोठा आहे. पण आलेल्या लहरीकडे बघितलंच पाहिजे, इथपर्यंत दोघेही एकाच बाजूला आहेत.

आपल्या घरातली रेव्हन

हे सगळं कशासाठी? आम्ही आयुष्यभर महाविद्यालयात शिकवलं. तिथे शांत मुलींचं फार कौतुक होतं. ‘किती गुणाची, कधी आवाज नाही.’ घरातही तसंच. अशा मुलीच्या शांतपणाची दोन कारणं असू शकतात. एक, तिच्या मनात खरंच स्वस्थता आहे. दोन, तिनं फार लवकर ओळखलं आहे की या घरात तिच्या रागाला जागा नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आणि ज्या दिवशी दुसऱ्या प्रकारची मुलगी ताट भिरकावते, त्या दिवशी आपण म्हणतो, ‘ही अशी कशी वागली? इतकी शांत होती!’

रेव्हनच्या गोष्टीत तिला शेवटी आधार कुणाचा मिळतो? ज्यांनी तिला निर्विकार व्हायला शिकवलं त्यांचा नाही. ज्या चार मुलांना तिची भीती वाटली, तरी जी तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, त्यांचा. कार्टून मालिकेच्या चौथ्या वर्षी भाकीत खरं होतं, तिच्यामार्फत ट्रायगॉन जगात येतो, आणि तिची एक लहान, शक्तिहीन मुलगी होऊन जाते. रॉबिन तिला शोधून काढतो. ती आशा सोडते तेव्हाही तो सोडत नाही. अखेर बापाला हरवते ती स्वतः, पांढऱ्या झग्यात. पण त्याआधी कुणीतरी तिला, ती राक्षसाची मुलगी आहे हे माहीत असून, तिच्यासकट स्वीकारलेलं असतं.

घरात करायचं ते साधं आहे, सोपं नाही. मूल रागावलं की आधी त्याचा राग आणि त्याचं वागणं वेगळं करा. ‘तुला राग आला हे समजलं. ताट फेकलेलं चालणार नाही. राग कशाचा आला ते सांग.’ ही तीन वाक्यं आहेत, आणि तिन्ही लागतात. पहिलं गाळलं तर आपण अझारथचे. दुसरं गाळलं तर ट्रायगॉनचे. आणि तिसरं विचारून उत्तर ऐकायला थांबलो नाही, तर पहिली दोन व्यर्थ.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : रेव्हनचा राग खरोखरच जग नष्ट करू शकत होता. मग अझारथनं घेतलेली खबरदारी योग्यच नव्हती का?*

चांगला प्रश्न आहे. खबरदारी योग्य, रीत चुकीची. विस्तव जितका मोठा तितकी त्याची माहिती जास्त हवी, कमी नाही. भट्टीवर काम करणाऱ्याला आपण ‘आगीकडे बघू नकोस’ असं शिकवत नाही. एक ऐतिहासिक उदाहरण देतो. सेनेका ज्याचा शिक्षक होता तो नीरो, सम्राट झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. अमर्याद सत्ता असलेला, बिघडलेल्या घरातला किशोर. रागावर ग्रंथ लिहिणारा गुरू जवळ असूनही तो सुधारला नाही, आणि इसवी सन ६५ मध्ये त्यानं याच गुरूला मरायचा हुकूम दिला. म्हणजे योग्य शिकवण मिळाली की सगळं ठीक होतंच, असं आमचं म्हणणं नाही. शिकणाऱ्यालाही होकार द्यावा लागतो. रेव्हननं तो दिला, यात तिचं मोठेपण आहे.

*प्रश्न : आमची मुलगी पंधरा वर्षांची आहे. ती म्हणते, मला माझीच भीती वाटते. आम्ही काय करावं?*

ताई, पहिली गोष्ट, ती हे तुमच्याशी बोलली. रेव्हनला हे बोलायला फार वेळ लागला. ‘असं काही नसतं गं’ म्हणून तिचं बोलणं संपवू नका. भीती कशाची वाटते, कधी वाटते, ते ऐका. आणि तत्त्वज्ञानाची मर्यादाही ओळखा. ती स्वतःला इजा करत असेल, किंवा जगणं नको असं म्हणत असेल, तर व्याख्यानं ऐकत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. मदत मागणं म्हणजे अझारथमधून बाहेर पडणं, असं तिला सांगा. ती कार्टून बघत असेल तर तिला लगेच कळेल.

वेळ झाली आहे. पुढच्या वेळी आपण मत्सराकडे वळणार आहोत. तोवर एक अभ्यास देतो. आठवडाभर, ‘मी रागावलो’ असं म्हणण्याआधी एकदा मनात ‘मला राग आला’ असं म्हणून बघा. दोन वाक्यांमध्ये किती जागा आहे, ते मोजून या.